मावशी, कुठल्या या शिवल्या?

हा प्रश्न काकीला बाजारात बसल्यावर एका संध्याकाळी दहा-बारा वेळा तरी यायचा आणि ती पाटीवरून नजर न उचलता उत्तर द्यायची, "उरणच्या." शिवल्या म्हणजे चिखलात रुतून बसणारे छोटे शिंपले, आणि त्या उरणच्या नव्हत्याच. आमच्या गावामागच्या खाडीतल्या होत्या, त्याच सकाळी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, काकीने गुडघ्यापर्यंत चिखलात उतरून, हातापायाने चाचपून काढलेल्या. मी तेव्हा कॉलेजला होते, शनिवारी तिच्या शेजारी बसून पिशव्या भरून द्यायचे, आणि पहिल्यांदा ते "उरणच्या" कानावर पडलं तेव्हा वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. कारण काकी ही बाई अशी की बर्फातली मासळी असेल तर गिऱ्हाईकाने विचारायच्या आधी सांगणार, "कालची हाय, परवडत असंल त घे." पाच रुपये सुट्टे द्यायचे राहिले तर पुढच्या शनिवारी माणूस शोधून देणार. ती काकी खोटं बोलत होती, आणि तेही कशाबद्दल तर घरामागच्या खाडीबद्दल.

घरी येताना विचारलं तर म्हणाली, "खारीच्या सांगल्या तं कोन घेल गो?"

खारी म्हणजे खाडी, आमच्याकडे तसंच म्हणतात. बास, एवढंच बोलली आणि पाटी डोक्यावर घेऊन पुढे चालायला लागली.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, अच्छा तिकडे होय, आणि निवांत होतो. ऐरोलीपासून दिवाळ्यापर्यंत नवी मुंबईत खाडीला लागून जी जुनी आगरी-कोळी गावं आहेत त्यातलं एक समजा. गावाच्या एका अंगाने नाला जातो आणि मागे खाडीला मिळतो. आता सगळे नालाच म्हणतात, पण आजी जिवंत होती तोवर तिच्या तोंडी तो वहाळ होता. पारसिकच्या डोंगरातून निघतो, एमआयडीसीतून येतो, ठाणे-बेलापूर रोडच्या खालून, मग रेल्वेच्या खालून, मग सेक्टरांच्या मधून दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती घातलेला असा सरळ खाली. तुम्ही पावसाळ्यात गवळीदेवला जाता ना, धबधब्याखाली उभे राहून फोटो काढता, त्याच डोंगररांगेतून असे कितीतरी ओढे उतरतात आणि वर डोंगरात त्यांचं पाणी इतकं नितळ असतं की तळातले खडे मोजता येतात. तेच पाणी तीन-चार किलोमीटर खाली येईपर्यंत काय होतं ते मी एकदा चालत बघितलंय, पण ते पुढे सांगते.

आधी आजीचं एक वाक्य. ती म्हणायची वहाळाला पाणी होळीपर्यंत. होळीनंतर तो आटायचा, मग बायका पात्रात झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरायच्या आणि मे महिन्यात पोरं तिथे विटीदांडू खेळायची. माझ्या वडिलांनी तिथे क्रिकेट खेळलंय. आता भर मे महिन्यात जा, घोट्याच्या वर पाणी वाहत असतं, काळपट राखाडी, वर साबणाचा फेस. लोकांना हे लक्षातच येत नाही, बारा महिने पाणी असलेला नाला बघायची सवय झालीय सगळ्यांना. पण जरा थांबून विचार केला की अंगावर काटा येतो. पाऊस जाऊन सहा-सात महिने झालेत, डोंगर कोरडा पडलाय, वर गवळीदेवला थेंब नाही, मग खाली हे पाणी कुठलं?

मोरबे धरणाचं. आपल्याच नळाचं. शहराला माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी असा हिशोब धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं मानतात, म्हणजे माणशी १०८ लिटर. चार माणसांच्या घरातून रोज चारशे लिटरच्या वर. आंघोळ, भांडी, कपडे, फ्लश सगळं आलं त्यात. खालापूरच्या बाजूला डोंगरात अडवलेलं पाणी एवढ्या लांबून पाईपाने आमच्या सेक्टरात येतं, एकदा वापरलं जातं आणि त्यातलं जे मलवाहिनीत जायला हवं होतं पण गेलं नाही ते वहाळात येतं. कोरडा ओढा असा बारमाही झाला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नवी मुंबईत सांडपाणी शुद्ध करायची व्यवस्थाच नाही असं अजिबात नाही. चांगली केंद्रं आहेत, मोठ्या टाक्यांमध्ये खालून हवा सोडतात, त्या हवेवर जिवाणू वाढतात, ते घाण खातात, मग गाळ खाली बसवून वरचं पाणी काढून घेतात. मी स्वतः आत जाऊन बघितलंय, बाहेर पडणारं पाणी बाटलीत धरलं तर नळाचं वाटेल इतकं साफ. पण केंद्र साफ करणार ते त्याच्यापर्यंत पोचलेलं पाणी. जे मधल्या मधे पावसाच्या गटारात वळलं, जे सेप्टिक टँकमधून झिरपलं, जे रात्री दोन वाजता टँकरवाल्याने पुलावरून पाईप लावून नाल्यात सोडलं (पाईप लावलेला टँकर मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, नंबरप्लेटवर चिखल फासलेला होता), ते तिथे पोचतच नाही ना.

आणि आमच्या गावाचाही वाटा आहे त्यात, तोही लपवणार नाही. १९७० साली सिडको आली, नवी मुंबई वसवायला काढलेलं सरकारी महामंडळ, आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, राहणार कुठे, तर गावठाणात आणि गावठाणाबाहेर जागा मिळेल तिथे घरं चढली. गरजेपोटी बांधलेली घरं म्हणतात ती हीच. आज नवी मुंबईत या शब्दावर निवडणुका लढवल्या जातात, पण त्या घरांच्या संडासाची लाईन कुठे जाते हे विचारायला कोणी येत नाही. अडीच फुटांच्या गल्लीत मलवाहिनी टाकणार कशी? मग घराखाली सेप्टिक टँक, तोही जागेअभावी छोटा, आणि त्याचा ओव्हरफ्लो गल्लीच्या गटारात, गटार नाल्यात. ज्यांच्या शेतावर शहर उभं राहिलं त्यांच्याच दारात शहराची गटार लाईन यायची राहिली, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं आणि एमआयडीसीतल्याच एका लॅबमध्ये लागले. पाणी तपासायचं काम, रोज वेगवेगळ्या कंपन्यांच्या, सोसायट्यांच्या बाटल्या येतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची जुनी पद्धत आहे, तीनशे मिलीची काचेची बाटली, बूच असं लावायचं की आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. मग त्यात आधी मँगनीज सल्फेट टाकायचं, मग अल्कली आयोडाइड, आणि बाटली वरखाली हलवायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका होतो, चहाच्या गाळासारखा, हळूहळू खाली बसतो. जितका ऑक्सिजन जास्त तितका रंग गडद. ऑक्सिजन नसेल तर साका पांढरा.

नोकरी लागून वर्ष झालं असेल, एका रविवारी मी नाल्याचं पाणी भरून आणलं. कोणी सांगितलं नव्हतं, मलाच बघायचं होतं. तेव्हाच मी भावाला घेऊन वरपासून खालपर्यंत चालत आले होते, जुलैचा शेवट, पाऊस चालू. डोंगराच्या पायथ्याशी एक बाटली भरली, रेल्वेच्या पुलाजवळ दुसरी आणि गावामागे, जिथे नाला तिवरात, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीत, शिरतो तिथे तिसरी. पहिल्या बाटलीत साका इतका गडद तपकिरी की भाऊ म्हणाला ताई हे खराब पाणी आहे वाटतं. त्याला समजावलं की नाही रे, हेच चांगलं. दुसरीत फिकट, दुधाच्या चहासारखा. तिसरीत पांढरा. पांढराशुभ्र, दही विरजताना फुटलं तर दिसतं तसा. ऐन पावसाळ्यात, एवढं डोंगराचं पाणी मिसळत असतानाही. मे महिन्यात काय असेल ते तपासायची मला गरज वाटली नाही.

पांढरा साका म्हणजे त्या पाण्यात माशाला श्वास घेण्यापुरतंही काही नाही. माशांसाठी, शिंपल्यांसाठी समुद्राचं पाणी चांगलं म्हणायचं तर लिटरला निदान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असावा असं आपल्याकडचं मानक सांगतं. सांडपाण्यातली घाण म्हणजे जिवाणूंचं जेवण, जेवण भरपूर मिळालं की ते वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात, आणि तो संपला की खेळ थांबत नाही, मग दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही. ते खाऱ्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास येतो ना, तो हाच वायू. खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर म्हणून नदीत सोडलेल्या घाणीपेक्षा खाडीत सोडलेली घाण जास्त घाण वास मारते.

आता इथे शहाणी माणसं म्हणतात, खाडीच्या चिखलाला वास येतोच, पहिल्यापासून. खरं आहे, तिवराच्या चिखलाला स्वतःचा वास असतो, तिथेही हाच वायू थोडाफार बनत असतो. पण ज्यांनी त्या चिखलात जन्म काढला त्यांना फरक कळतो. काकीला एकदा मी हेच विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भात आणि माती यातला फरक विचारतेय. "खारीचा वास येगला, गटाराचा वास येगला. खारीचा वास हाताला लागला तं भाकरी खाता येते."

आणि तिने पाय पुढे करून जोडवी दाखवली. चांदीची जोडवी, लग्नातली. काळीकुट्ट, तव्याच्या बुडासारखी. चांदीवर हायड्रोजन सल्फाइड बसला की ती काळी पडते, हे मी पुस्तकात शिकले, काकीने पायात बघितलं. म्हणाली पहिल्यांदा गणपतीच्या आधी एकदा चिंचेने घासली की वर्षभर बघायला लागायची नाहीत. आता आठवड्याला काळी होतात. लॅबमध्ये आमच्याकडे लाखो रुपयांची मशीन आहेत पण इतक्या वर्षांचा रेकॉर्ड त्यातल्या एकाकडे नाही, काकीच्या पायाकडे होता.

लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की खाडी म्हणजे समुद्रच, सोडलेलं सगळं भरती-ओहोटीबरोबर वाहून जातं. नकाशा बघा. ठाणे खाडीचं तोंड मुंबई बंदराकडे रुंद आहे आणि वर ठाण्याकडे ती निमुळती होत जाते, तिथून अरुंद फाट्याने उल्हासच्या खाडीला जोडलेली. वरच्या टोकाला नदीसारखं ढकलणारं पाणी पावसाळा सोडला तर फार नाही. म्हणजे आमच्या नाल्याने सुकतीला जे बाहेर सोडलं ते सव्वासहा तास खाली सरकतं आणि पुढचे सव्वासहा तास भरती तेच उचलून परत वर आणते. उधाणाच्या भरतीला तर पाणी नाल्यात उलटं शिरतं, आमच्या घराच्या मागच्या पायरीपर्यंत येतं. लहान असताना आम्ही पोरं त्या पायरीवर बसून पाय सोडायचो पाण्यात, बोयी उड्या मारताना दिसायच्या. आता भावाने ती पायरी विटांनी बंद केलीय.

पहिल्या पावसाचं सांगायलाच हवं. आठ महिने नाल्याच्या तळाशी जी काळी गाद बसलेली असते ती जूनच्या पहिल्या जोरदार सरीने एका रात्रीत सुटते आणि सगळीच्या सगळी खाडीत. सकाळी बघावं तर मासे वर आलेले, तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करतायत. बोय, चिवणी, लहान लहान खरबी. निवट्या तर चिखलावर चढून बसतात, त्यांना तेवढी देवाने सोय दिलीय, बाकीच्यांना नाही. आणि नेमका हाच काळ चिवणीच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, असण्याचा. पूर्वी गावात पहिल्या पावसाच्या चिवणीची वाट बघायचे, गाबोळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी, त्या दिवशी दुसरं काही शिजायचं नाही कोणाकडे. एका वर्षी मी आजीला काठावर उभी बघितली, हातात टोपली होती आणि समोर चिवण्या तरंगत होत्या, हात घातला असता तर टोपली भरली असती. तिने टोपली उलटी केली आणि घरी आली. दिवसभर कोणाशी बोलली नाही.

पुरुषांचं काय झालं तर ज्यांच्याकडे इंजिनाच्या होड्या होत्या ते खाली खाली जायला लागले, डिझेल जाळत, आणि ज्यांच्याकडे नव्हत्या ते हळूहळू कंपनीत, रिक्षावर, पालिकेच्या कंत्राटात लागले. डोलीचं जाळं लावलं तर मासळीच्या आधी प्लास्टिक भरतं, पॅड येतात, डायपर येतात, आणि ते जाळ्यातून हाताने सोडवायला लागतं. हे मी लिहिताना तुम्हाला नकोसं वाटत असेल, पण त्यांना ते रोज करावं लागतं. पण जास्त नुकसान बायकांचं झालं असं मला वाटतं आणि त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. होडी लागत नाही, भांडवल लागत नाही, सुकतीची वेळ आणि दोन हात एवढ्यावर शिवल्या, खुबे, कालवं मिळायची, ती विकून आलेला पैसा बाईचा स्वतःचा. काकीने मुलांच्या फिया त्यातून भरल्या. माझ्या बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचीसुद्धा.

आणि नेमक्या शिवल्याच सगळ्यात वाईट अडकतात यात. मासा निदान पळून जाऊ शकतो. शिवली एका जागी रुतून बसते आणि दिवसभर पाणी आत घेऊन गाळत राहते, तेच तिचं खाणं. पाण्यात मैल्यातले जिवाणू असतील, कावीळ करणारे विषाणू असतील तर ते तिच्या पोटात साठत जातात, आजूबाजूच्या पाण्यात असतील त्याच्या कितीतरी पट. आपण काय करतो, रात्रभर साध्या पाण्यात ठेवतो, चिखल सोडतात त्या, वाटतं झाल्या साफ. वाळू निघते, थोडे जिवाणूही निघतात, विषाणू मात्र सहज निघत नाहीत. आणि नुसती तोंडं उघडेपर्यंत वाफवल्या तर तेवढ्या उष्णतेने मरतीलच असं नाही, चांगलं उकळायला लागतं.

हे सगळं मला लॅबमध्ये लागल्यावर कळलं आणि मग माझा प्रॉब्लेम झाला. काकी मोरलीवर, म्हणजे विळीवर, शिवल्या चिरून, एका शिंपल्यात मांस ठेवून, खोबऱ्याचं वाटण लावून जे कालवण करते ते मी जगात कुठे खाल्लेलं नाही. ती ताट वाढायची आणि मी बघत बसायचे. सांगायचं कसं? तिच्या हाताला नाव ठेवल्यासारखं होतं ते. मी सांगितलं नाही. दोन वर्षं मी कधी उपास आहे, कधी पोट बिघडलंय असं करत राहिले, आणि आता वाटतं की तिने बाजारात "उरणच्या" म्हणणं आणि मी घरात "उपास आहे" म्हणणं यात फरक काय होता.

मग माझ्या चुलत भावाला, म्हणजे काकीच्या धाकट्याला कावीळ झाली. दीड महिना अंथरुणावर होता. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं, बाहेरचं काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायला. शिवल्यांमुळे झाली की कॅन्टीनच्या पाण्यामुळे की कशामुळे, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, मी पण नाही. पण काकी तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसलेली होती आणि मी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. विषाणूचं, गाळण्याचं, उकळण्याचं. ती ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मना आधी का नाय सांगला?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

त्यानंतर तिने घरात शिवल्या केल्या नाहीत. आणि बाजारातही नेल्या नाहीत, एकदाही नाही. कोणीतरी म्हणालं अगं विकायच्या तर विक, लोक उकळून खातात, तर ती म्हणाली आपल्या पोराला जे घालनार नाय ते दुसऱ्याच्या पोराला कसा घालू. आता ती पहाटे तीनला उठून गावातल्या चार बायकांबरोबर टेम्पो करून मुंबईला भाऊच्या धक्क्यावर जाते, तिथे लिलावात मासळी घेते आणि आमच्या बाजारात आणून विकते. टेम्पोचं भाडं, बर्फ, वर दलालाचं, हातात आधीच्या निम्मं पण उरत नाही. गुडघे दुखतात तिचे, साठी उलटलीय. पण कोणी विचारलं मावशी कुठली ही, तर मान वर करून सांगते, "धक्क्याची." जोडवी आता चकचकीत असतात. मला ती बघवत नाहीत.

मध्येच फ्लेमिंगोंचं लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय लोक मानत नाहीत. २०१५ साली ठाणे खाडीच्या एका भागाला फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, २०२२ साली खाडी रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आली. ऐरोलीहून बोटी सुटतात, लोक तिकीट काढून बघायला जातात, आम्हाला अभिमान आहे त्याचा. पण गुलाबी पक्ष्यांचा फोटो दाखवून "बघा खाडी किती स्वच्छ आहे" म्हणणारे लोक भेटतात तेव्हा राहवत नाही. फ्लेमिंगो पाण्यातलं शेवाळ खातात. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस शेवाळाला खत म्हणून मिळतं, त्यामुळे शेवाळ वाढतं. पक्षी आले म्हणजे पाणी शिवल्यांना मानवेल असं होत नाही. पक्ष्यांनी यावं, खूप यावं, फक्त त्यांचा सर्टिफिकेटसारखा वापर करू नका.

लग्नानंतर मी सेक्टरात राहायला आले, गावापासून चालत दहा मिनिटं. चौदा वर्षं जुनी बिल्डिंग. मला अगदी खात्री होती की आमच्या इथे सगळं व्यवस्थित आहे, प्लॅन पास झालेली सोसायटी, मलवाहिनीला जोडलेली. गेल्या मार्चमध्ये होळीच्या आसपास पार्किंगमध्ये उभी होते आणि पावसाच्या गटारातून पाणी वाहताना दिसलं. मार्चमध्ये. कोकणातल्या मुलीला मार्चमध्ये पावसाच्या गटारात पाणी दिसलं तर तिला झोप लागायला नको, मला पण लागली नाही.

लॅबमध्ये फ्लुरोसिन नावाचा रंग असतो, चिमूटभर टाकला तरी पाणी पोपटी चमकतं, पाईप कुठून कुठे जातो ते शोधायला वापरतात, आणि त्याने काही अपाय होत नाही. सरांना विचारून थोडा घरी आणला. आमच्याकडे ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे, आमच्या आधीच्या मालकाने ठेवलेल्याच जागी. मशीनच्या पाईपात रंग टाकला, वर दोन बादल्या पाणी ओतलं आणि शेजारच्या मुलाला घेऊन धावत खाली गेले. मलवाहिनीच्या चेंबरचं झाकण वॉचमनने आधीच उघडून ठेवलं होतं, तिथे काही नाही. मिनिटभर काहीच नाही. मग तो मुलगा ओरडला, काकू इकडे बघा! पावसाच्या गटारातून पोपटी पाणी वाहत होतं. आम्ही दोघं त्याच्याबरोबर चालत गेलो, गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेच्या मोठ्या गटारात, कोपऱ्यावर वळून, आणि मग ते नाल्याच्या भिंतीतल्या भोकातून खाली पडताना दिसलं. त्याच नाल्यात.

इतकी वर्षं माझ्या मशीनचं पाणी काकीच्या चिखलात जात होतं. टँकरवाल्याला शिव्या देत होते मी.

मग पुढे एकेका फ्लॅटला करत गेलो. ज्यांनी ज्यांनी बाल्कनी आत घेऊन तिथे मशीन, बेसिन, भांडी घासायची जागा केली होती त्यांचं सगळं छपराच्या पाण्याच्या पाईपात जोडलेलं, कारण तो पाईप तिथून जात होता आणि प्लंबरला तेच सोपं. एका घराने तर तिथे संडास काढला होता. कोणी मुद्दाम केलेलं नाही, कोणाला माहीतच नव्हतं की त्या इमारतीत पावसाचा पाईप वेगळा आणि मैल्याचा वेगळा, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी जातात. मीटिंगमध्ये भांडणं झाली, खर्च कोणी करायचा यावर तीन महिने गेले, एक काका म्हणाले सगळं शहर तेच करतंय, आपल्या एका बिल्डिंगने काय होणार. त्यांना मी नाल्याच्या पुलावर घेऊन गेले आणि परत रंग सोडला. काही बोलले नाहीत, पण पुढच्या मीटिंगमध्ये पहिला हात त्यांचा वर झाला. पावसाच्या आधी लाईन बदलून झाली. आता होळीला बघायचं, गटार कोरडं राहतंय का.

हे सांगायला काकीकडे गेले होते. ती ओट्यावर बसून दुसऱ्या दिवसासाठी पाट्या धूत होती. मी सगळं सांगितलं, रंगाचं, काकांचं, आमच्या लाईनचं. मनात असं होतं की ती खूश होईल. तिने सगळं ऐकलं, पाटी उलटी करून भिंतीला टेकवली आणि विचारलं,

"आनि बाकीच्या बिल्डिंगी किती हायत, वरपासून?"

मी मोजलेल्या नव्हत्या. आता मोजल्यात, रेल्वेच्या पुलापासून गावापर्यंत नाल्याच्या दोन्ही बाजूंना मिळून एकेचाळीस. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी रविवारी सकाळी दहाला बोलावलंय, चेंबर उघडून ठेवतो म्हणाले. बाटलीत रंग अजून अर्धा आहे.